सोन्याचा धूर

(ज्युबिली सप्ताहांत सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली समितीनें मला दिव्यांच्या घडणीविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां मीं ती आनंदानें मान्य केली. परंतु घरीं जाऊन विचार करूं लागलों, तों विषय इतका विस्तीर्ण दिसूं लागला कीं, पणतीपासून विजेच्या दिव्यापर्यंत बोलत बसलों तर येथेंच उजाडेल. म्हणून त्यांतील एकच वस्तु मीं निवडली आहे. फ्रान्स देशांत अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत कांशाचीं ओतलेलीं, सोन्याचा मुलामा दिलेलीं व संगमरवरी बैठकीवर उभीं केलेलीं जीं अनेकशाखी शमादानें होत असत, त्यांच्याविषयीं मी बोलणार आहें. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतील त्या वस्तूंशीं आपणां साध्या लोकांचा काय संबंध, असें कोणी विचारील. त्यास माझी एवढीच विनंती कीं, त्यानें थोडा धीर धरावा.

प्रथम माझ्या हातून घडलेला एक अपराध सांगतों. माझे मामा मुंबईस जुन्या सामानाची दुरुस्ती करीत असत. मी चौदा वर्षांचा असतांना शाळेच्या सुटींत त्यांच्या हाताखालीं गेलों होतों. एके दिवशीं एका शेटजींच्या बंगल्यांतून शमादानांची एक जोडी दुकानीं आली. उंची दोन फूट असेल. खालीं पांढऱ्या संगमरवराची वाटोळी बैठक, तिजवर एक तरुणी उभी, तिच्या हातांत फुलांचा गुच्छ, आणि त्या गुच्छांतून तीन फांद्या निघून प्रत्येकीच्या टोकास मेणबत्तीचें घर. सगळ्यावर काजळी व धूळ यांचें पुट चढलेलें. मामा जेवावयास गेले होते. सणापूर्वीं वेदीवरील पितळी शमादानें माझी आई व शेजारच्या बाया चिंच व राख लावून कशीं लखलखीत करीत, तें मीं लहानपणापासून पाहिलें होतें. मामा परत येतील तेव्हां त्यांस चकित करावें, या हेतूनें मीं चिंच भिजवली, राख घेतली, आणि एका शमादानास घासावयास बसलों.

अर्ध्या तासानें त्या तरुणीचें नाक, बोटें व पुढें आलेला एक गुडघा तांबूस दिसूं लागला. मला वाटलें, मळ अजून निघावयाचा आहे. म्हणून आणखी जोरानें घासलें. चिंचेचें पाणी खालीं ओघळून जेथें जेथें संगमरवरावर पडलें, तेथें तेथें दगडाची झिलई जाऊन खडूसारखे ठिपके उमटले. मामा आले, त्यांनीं पाहिलें, आणि क्षणभर ते कांहींच बोलले नाहींत. त्यांनीं मला मारलें नाहीं. एवढेंच म्हणाले, "बाळ, तूं अर्ध्या तासांत जें काढलेंस, तें चढवितांना कोणाचे तरी दांत पडले असतील." हें वाक्य मला त्या वेळीं मुळींच समजलें नाहीं. तें समजून घेण्यांत माझीं पुष्कळ वर्षें गेलीं, आणि आज मी जें सांगणार आहें तें त्या वाक्याचेंच विवरण आहे.

अशीं शमादानें कांशाचींच कां केलीं, हा प्रश्न सहज मनांत येतो. राजांस चांदी कमी होती काय? चौदाव्या लुईच्या व्हर्साय येथील महालांत खरोखरच चांदीचीं भव्य शमादानें, मेजें व झाडांच्या कुंड्यासुद्धां होत्या. परंतु १६८९ सालीं युद्धाचा खर्च भागेना, तेव्हां तें सर्व सामान टांकसाळींत जाऊन वितळलें. १७५९ सालीं पंधराव्या लुईच्या कारकीर्दींत पुन्हा युद्ध, पुन्हा टंचाई, आणि पुन्हा सरदारांच्या चांदीच्या भांड्यांची टांकसाळीकडे रवानगी. चांदीचा हा दोषच आहे. ती अडीअडचणीच्या प्रसंगीं पैसा होते आणि कारागिरी मातीमोल होते. कांशास तसें मोल नाहीं. त्याजवर सोनें चढवावें, दिसावयास तें सोन्याप्रमाणें दिसावें, आणि मोडून पाहतां हातीं फारसें कांहीं लागूं नये, यांतच त्याचें आयुष्य आहे.

शिवाय दुसरें एक कारण आहे, व तें ज्यानें मेणबत्तीच्या उजेडांत अशी वस्तु पाहिली असेल त्यासच पटेल. विजेच्या दिव्याखालीं हीं शमादानें कित्येकदां भडक वाटतात, मलाही वाटतात. परंतु मेणबत्तीची ज्योत हलते. वस्तूचा कांहीं भाग आरशासारखा ओपलेला, व कांहीं भाग मुद्दाम निस्तेज, मखमलीसारखा ठेवलेला असतो. ज्योत हलली कीं ओपलेल्या कडांवरून प्रकाश धांवतो आणि निस्तेज भाग आंतल्या आंत उजळल्यासारखा दिसतो. भिंतीशीं शेगडीच्या कट्ट्यावर आरसा व त्यापुढें शमादानांची जोडी अशी मांडणी असे, त्यामुळें एका मेणबत्तीच्या दोन होत. त्या काळीं मधमाशांच्या मेणाची बत्ती फार महाग. गरीबांच्या घरीं चरबीची बत्ती जळे, व तिची दुर्गंधी सुटे. अर्थात् जी ज्योत महागाची, तिचा उजेड वाढविणाऱ्या वस्तूवर श्रीमंतांनीं खर्च केला तर नवल नाहीं.

आतां घडणीकडे वळूं. कांसें असें आपण म्हणतों, परंतु त्या धातूंत तांब्याबरोबर जस्तच बरेंच असे, व थोडें कथील आणि शिसें. आपल्या पितळेचाच तो जवळचा आप्त. मूर्तिकार मेणाचा किंवा मातीचा नमुना करी. त्यावरून ओतारी रेतीच्या सांच्यांत भाग सुटे सुटे ओतीत असे: फांद्या निराळ्या, पानें निराळीं, मेण झेलणाऱ्या वाट्या निराळ्या. ओतून निघालेला तुकडा खडबडीत असतो. त्याजवर छिन्नी व कोरणी घेऊन बसणारा कारागीर निराळा; पानाची शीर, केसाची बट, वस्त्राचा विणकर पोत हें सर्व त्याच्या हातचें. त्या काळच्या पॅरिसमध्यें ओतणाऱ्यांचा संघ वेगळा व मुलामा देणाऱ्यांचा वेगळा होता, आणि एकानें दुसऱ्याच्या कामास हात लावला म्हणजे तंटे होत. १७७६ सालीं हे संघ एकत्र करण्यांत आले, आणि पुढें राज्यक्रांतीच्या काळीं, १७९१ मध्यें, सर्वच संघ मोडले.

यानंतर तो तुकडा मुलामा देणाऱ्याकडे जाई. सोनें व पारा एकत्र तापवून त्याचा लोण्यासारखा गोळा करावयाचा. मऊ कातड्यांतून पिळून जास्तीचा पारा काढावयाचा. तुकडा स्वच्छ करून शोऱ्याच्या तेजाबांत पारा विरघळवून केलेलें पाणी त्यास लावावयाचें, म्हणजे तो पांढरा पडतो व सोन्याचा गोळा त्यास धरतो. पितळी तारांच्या कुंच्यानें तो गोळा सर्वत्र फासून मग तुकडा लोणारी कोळशाच्या शेगडीवर धरावयाचा, फिरवावयाचा, बाहेर काढून कुंच्यानें सारखा करावयाचा, पुन्हा धरावयाचा. पारा उडून जातो, सोनें राहतें. चांगलें काम हवें असल्यास हेंच दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा. नंतर जो भाग निस्तेज ठेवावयाचा त्यावर क्षारांचें मिश्रण तापवून पाण्यांत बुडवीत, आणि जो चकचकीत हवा तो हकीक किंवा गेरूच्या जातीच्या कठीण दगडानें ओपीत. या सगळ्या कामास फ्रेंच भाषेंत दळलेलें सोनें अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि त्यांचाच अपभ्रंश होऊन इंग्रजींत ऑर्मोलू हा शब्द रूढ झाला.

एखाद्या नगरीचें वैभव वर्णावयाचें असलें म्हणजे तेथें सोन्याचा धूर निघत असे, असें आपण म्हणतों. पॅरिसच्या त्या कारखान्यांतून तो खरोखरच निघत होता. सोन्यावरून उठलेली पाऱ्याची वाफ शेगडीवर ओणवलेल्या माणसाच्या नाकातोंडांत जाई. हिरड्या सुजत, लाळ गळे, दांत हलूं लागून पडत. मग हात कापूं लागत, आणि हात कापूं लागला कीं ओपण्याचें बारीक काम सुटे व त्याबरोबर रोजी सुटे. कित्येक अकालीं मरण पावत. ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती असें नाहीं. इटलीच्या मोदेना शहरांत अध्यापन करणारा वैद्य रामाझ्झिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत मुलामा देणाऱ्यांची ही दशा स्पष्ट वर्णिली आहे. ग्रंथ वाचला गेला, छापला गेला, आणि शेगड्या पूर्वीप्रमाणेंच पेटत राहिल्या. मला या सर्व इतिहासांत याचेंच अधिक वाईट वाटतें.

शेवटीं या प्रश्नास हात घातला तो त्याच धंद्यांतल्या एका धन्यानें. आंत्वान-आंद्रे राव्रियो हें त्याचें नांव, जन्म १७५९. नेपोलियन बादशहाच्या महालांस तो कांशाचें सामान पुरवीत असे. फावल्या वेळीं गाणीं रचण्याचा त्यास नाद होता. त्याच्या कारखान्यांत हातांना कंप सुटलेलीं माणसें तो रोज पाहत असला पाहिजे. १८१४ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या मृत्युपत्रांत ३,००० फ्रँकांचें एक बक्षीस निघालें. पाऱ्याच्या वाफेपासून मुलामा देणाऱ्यांचें रक्षण करण्याचा उपाय जो शोधून काढील, त्यास विज्ञान-परिषदेनें तें द्यावें अशी त्याची इच्छा. ज्या धंद्यानें त्यास संपत्ति दिली, त्याच धंद्याचें कर्ज तो मरतांना फेडूं पाहत होता. जिवंतपणीं कां नाहीं, असें कोणी विचारल्यास माझ्यापाशीं उत्तर नाहीं. परंतु बाकीच्या धन्यांनीं मरतांनाही केलें नाहीं.

तें बक्षीस १८१८ सालीं दार्से नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें मिळविलें. त्याचा उपाय इतका साधा कीं, ऐकून आश्चर्य वाटावें. मुख्य शेगडीच्या धुराड्यास जोडून त्यानें दुसरी एक लहान शेगडी पेटवावयास सांगितली. तिच्या उष्णतेनें धुराड्यांतील हवा जोरानें वर ओढली जाते, आणि तिजबरोबर पाऱ्याची वाफही वर जाते. कारागीर व शेगडी यांच्यामध्यें कांचेचें तावदान. आंत जावयाचे ते फक्त त्याचे हात. आपल्या स्वयंपाकघरांतील धुराड्याचेंच तत्त्व, पण तें मजुराच्या छातीसाठीं वापरण्याचें कोणास सुचलें नव्हतें. पुढें १८४० सालीं इंग्लंडांत एल्किंग्टन यांनीं विजेच्या साहाय्यानें सोनें चढविण्याची सनद घेतली, व १८४२ सालीं पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल यांनीं फ्रान्समध्यें तिचे हक्क मिळविले. तेव्हांपासून पाऱ्याची शेगडी हळूहळू मागें पडली.

मोठ्या कारागिरांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. प्येर गुतिएर हा १७३२ सालीं बार-स्यूर-ओब येथें जन्मला. निस्तेज मखमली मुलाम्याची कला त्याच्या नांवाशीं जोडली जाते. ड्यूक दोमों, राणी मारी आंत्वानेत, मादाम द्यू बारी हीं त्याचीं गिऱ्हाइकें. ड्यूकसाठीं केलेलें त्याचें एक सूर्यकांताचें धूपपात्र ड्यूकच्या मृत्यूनंतर, १७८२ च्या लिलांवांत, राणीनें घेतलें; तें आज लंडनच्या वॉलेस संग्रहालयांत आहे. मोठीं गिऱ्हाइकें खरीं, पण मोठे लोक पैसे सावकाश देतात. १७८७ सालीं गुतिएरचें दिवाळें निघालें. १७९३ मध्यें मादाम द्यू बारीचा शिरच्छेद झाला, तेव्हां तिजकडे त्याची मोठी रक्कम राहिली होती. तो १८१३ सालीं पॅरिस येथें दारिद्र्यांत वारला. त्याच्या हाताखालून गेलेला तोमीर मात्र काळाबरोबर चालला. त्यानें राजासाठीं काम केलें, क्रांति पाहिली, बादशहासाठीं शेंकडों कारागिरांचा कारखाना चालविला, ओदियोबरोबर १८११ सालीं नेपोलियनच्या मुलाचा पाळणा घडविला, आणि नव्वदी ओलांडून १८४३ सालीं देह ठेवला. हुन्नर दोघांचा सारखा मानला तरी दैव किती भिन्न!

आपणांस जवळची वाटेल अशी एक हकीकत फिलिप काफिएरी याची आहे. पॅरिसच्या नोत्र-दाम महामंदिराच्या मुख्य वेदीसाठीं १७६० च्या सुमारास त्यानें सोनेरी मुलाम्याच्या कांशाचा एक मोठा क्रूस व सहा शमादानें केलीं. राज्यक्रांतींत तीं नाहींशीं झालीं. चर्चच्या घंटा वितळवून नाणीं पाडण्याचे ते दिवस. कांशास मोल नसतें हें जें मीं वर म्हटलें, तें त्या चार वर्षांपुरतें खोटें ठरलें. परंतु त्याच काफिएरीनें १७७१ सालीं बायो येथील महामंदिरासाठीं तशाच घाटाचा क्रूस व शमादानें केलीं होतीं, आणि तीं वांचलीं. राजधानींतील गेलीं आणि आडगांवचीं राहिलीं. वेदीवरचें शमादान दिवाणखान्यांतील शमादानाप्रमाणें फांद्यांनीं पसरत नाहीं. एक बत्ती, एक सरळ दांडा, तीन पायांची बैठक. तरीही कोरणीचा हात पाहिल्यास दोन्ही एकाच कारखान्यांतून निघालीं हें कळून येतें.

व्हर्सायच्या राजवाड्यांतील सामानाचा लिलांव ऑगस्ट १७९३ पासून पुढें वर्षभर चालला होता. १७ हजारांहून अधिक नग विकले गेले. तेव्हांपासून हीं शमादानें देशोदेशीं पांगलीं.

बैठकीच्या दगडाविषयीं दोन शब्द. पांढरा संगमरवर बहुधा इटलींतील कारारा येथला. निळसर राखी रंगाचाही एक दगड तिकडचाच. परंतु मला सर्वांत आवडतो तो लांगदॉक प्रांतांतला, पिकलेल्या चेरीच्या रंगाचा ग्रिओत. त्यांत जागोजाग पांढऱ्या चक्री दिसतात. फ्रेंच लोक त्यांस तित्तिराचे डोळे म्हणतात. त्या चक्री म्हणजे अतिप्राचीन समुद्रांतल्या शिंपल्या आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ यास खरा संगमरवर म्हणत नाहींत, चुनखडीचा दगड म्हणतात. म्हणोत बापडे; सोन्याखालीं तो जसा शोभतो तसा दुसरा कोणताही शोभत नाहीं. हे सर्व दगड चुन्याच्या जातीचे असल्यामुळें आंबट पदार्थ लागला कीं झिलई गमावतात. माझ्या चिंचेचें रहस्य तेंच.

एकोणिसाव्या शतकांत मध्यमवर्गीयांसही राजाचा थाट हवासा झाला. मधें घड्याळ व दोहों बाजूंस शमादानें असा त्रिकूट संच घरोघरीं दिसूं लागला. मूर्ति लहान प्रमाणांत हुबेहूब उतरविण्याचें यंत्र कोलास यानें काढलें होतें. त्याच्या भागींत बार्बदिएन यानें १८३८ सालीं जो कारखाना घातला, त्याची कीर्ति सर्व प्रदर्शनांत गाजली. क्लोदियोंच्या नाचऱ्या तरुणींच्या धर्तीवर शमादानें किती निघालीं याची गणतीच नाहीं. त्यांतलीं कित्येक अप्रतिम आहेत, आणि केवळ जुनीं नव्हेत म्हणून त्यांस नांवें ठेवणें मला मान्य नाहीं. लबाडी होते ती तीं राजाच्या काळचीं म्हणून विकण्यांत. मुंबईच्या एका लिलांवांत मींही एकदां असा ठकलों. पैसे गेले तें गेलेंच, पण चार मित्रांपुढें मोठ्या ऐटीनें व्याख्यान दिलें होतें, तें अधिक झोंबलें.

तेव्हां कोणाच्या घरीं अशी जोडी असेल त्यानें ती उलटी करून पाहावी. पुढच्या बाजूस सर्वच सुंदर असतात. खरें काय तें पाठ सांगते. पाऱ्याच्या मुलाम्याचें काम असल्यास आंतल्या बाजूस सोनें बहुधा नसतें, किंवा कुंचा लागून गेल्याचे फटकारे असतात. कोण कारागीर न दिसणाऱ्या जागीं महाग सोनें फासील? विजेचा मुलामा आंतबाहेर सारखा चढतो. जुन्या मळसूत्रांचे आटे हातचे, थोडे वेडेवांकडे, यंत्राचे एकसारखे. मुकुटाखालीं सी अक्षर असा बारीक ठसा दिसला, तर तो १७४५ ते १७४९ या काळांत तांब्याच्या कामावर घेतलेल्या करीचा. सोळाव्या लुईच्या घाटाच्या शमादानावर तोच ठसा कोणी दाखवूं लागला, तर पैसे खिशांत ठेवून घरीं यावें. ओतकाम करणारे आपलें नांव क्वचितच घालीत, म्हणून गुतिएरचें नांव सांगणारा विक्रेता पुष्कळदां आपल्याच जबाबदारीवर बोलत असतो. आणि तुकडा फारच हलका वाटला व ओरखड्यांतून करडा रंग दिसला, तर तें कांसें नव्हे, जस्ताची नक्कल आहे.

निगा राखावयाची ती अशी: मऊ कुंच्यानें धूळ झाडावी, कोरड्या मऊ फडक्यानें हलकेंच टिपावें, पॉलिशची बाटली कपाटांतच राहूं द्यावी. मेण सांडलें असल्यास चाकूनें खरवडूं नये. ऊन हवेंत तें मऊ होऊं द्यावें व लांकडाच्या काडीनें उचलावें. विजेची तार घालण्यासाठीं भोंकें पाडण्याचा मोह कित्येकांस होतो. तीं भोंकें पुन्हा बुजत नाहींत.

माझ्या त्या जोडीचें काय झालें, हें आपल्या मनांत असेल. मामा मला घेऊन शेटजींकडे गेले आणि घडलें तें सर्व त्यांनीं स्वतः सांगितलें. दोष आपल्या अंगावर घेतला, कामाचा मोबदला घेतला नाहीं. शेटजी म्हणाले, पुन्हा सोनें चढवून आणा. मामा म्हणाले, त्या रीतीनें चढविणारा आतां मिळणार नाहीं, आणि मिळाला तरी मी त्यास सांगणार नाहीं. नंतर मीं विचारलें, तेव्हां त्यांनीं दुसरें शमादान उलटें धरून मला आंतली बाजू दाखविली. तेथें कुंच्याचे सोनेरी फटकारे होते. एक लांब, एक आंखूड, आणि एके ठिकाणीं हात थरथरल्यासारखी नागमोडी रेघ. संगमरवराचे डाग एका दगडकाम करणाऱ्यानें घोटून काढले. त्या तरुणीचा गुडघा मात्र तसाच तांबूस राहिला.